झेल्डा पहिली, मारिओ दुसरा: माझी ऑल टाइम गेम सिरीजची यादी

झेल्डा. पहिला नंबर झेल्डाचा. यादी खालून वर सांगत शेवटपर्यंत ताणायची पद्धत आहे पण मला ती आवडत नाही, ज्याला पटणार नाही त्याने पहिल्याच ओळीत चिडावं आणि मग कारणं वाचावीत.

आधी कसोटी सांगतो. किती कॉप्या खपल्या याला मी मार्क देत नाही, खपाचा तक्ता कुठेही मिळतो, त्यासाठी माझी गरज नाही. आणि एखाद्या सिरीजमधला एकच गेम जबरदस्त आहे म्हणून अख्खी सिरीज महान असंही मी धरत नाही. मी एवढंच बघतो की सगळं मस्त चाललेलं असताना, लोक पैसे द्यायला तयार असताना, बनवणाऱ्यांनी स्वतःचेच नियम मोडून परत शून्यापासून सुरुवात केली का, आणि एवढं करूनही हातात कंट्रोलर घेतल्यावर ती सिरीज तीच वाटली का. एकदा जमलं तर नशीब म्हणता येईल. तीस-चाळीस वर्षांत तीन-चारदा जमवून दाखवणारे अगदी थोडे आहेत, आणि माझ्या यादीत तेच वर आहेत.

आता झेल्डा बघा. पहिला गेम २१ फेब्रुवारी १९८६ ला जपानमध्ये आला, निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम मशीनच्या डिस्क सिस्टिमवर. त्या काळात गेम म्हणजे डावीकडून उजवीकडे पळायचं, पॉइंट मिळवायचे, मरायचं, परत पहिल्यापासून. आणि इथे गेम सुरू होतो तर तुम्ही एका मोकळ्या जागी उभे, तीन बाजूंना वाटा, वर एक काळी गुहा, आणि कुठे जायचं हे कोणीही सांगत नाही. गुहेत गेलात तर म्हातारा तलवार देतो. नाही गेलात तर तलवारीशिवाय निघा, तुमची मर्जी! हा गेम बनवणारा शिगेरू मियामोतो क्योटोजवळच्या सोनोबे गावात वाढला, लहानपणी डोंगरात, शेतांत भटकायचा, एकदा एक गुहा सापडली तर कंदील घेऊन आत शिरला, हे त्याने अनेकदा सांगितलंय. त्या भटकण्याचा गेम झाला. अमेरिकेत तो १९८७ मध्ये सोनेरी कार्ट्रिजमध्ये गेला आणि आत बॅटरी होती, म्हणजे गेम सेव्ह व्हायचा. आज हे ऐकून कोणाला काही वाटणार नाही पण सेव्ह करता आलं म्हणून एवढं मोठं जग करता आलं.

मग १९९८ ला ओकारिना ऑफ टाइम. थ्रीडी तेव्हा नवीन होतं आणि सगळ्यांची एकच अडचण होती, शत्रू कुठे, मी कुठे, कॅमेरा कुठे बघतोय काही कळायचं नाही, तलवार हवेत फिरायची. झेल्डाची टीम क्योटोमधल्या सामुराई सिनेमांच्या स्टुडिओ पार्कमध्ये गेली, तिथे स्टेजवरची मारामारी बघितली आणि त्यांच्या लक्षात आलं की हिरोला घेरलेले असले तरी गुंड एकेक करून अंगावर येतात, बाकीचे थांबतात. त्यातून ते झेड बटणाचं टार्गेटिंग आलं, बटण दाबलं की नजर एका शत्रूवर लॉक, तुम्ही त्याच्याभोवती फिरा, उडी मारा, ढाल धरा. आज तलवारबाजीचा कुठलाही थ्रीडी गेम उघडा, डार्क सोल्स घ्या, एल्डन रिंग घ्या, लॉक-ऑन आहेच. समीक्षकांच्या मार्कांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर ओकारिनाला १०० पैकी ९९ आहेत, आणि ते कोणाला जास्त वाटत असतील तर त्याने १९९८ च्या आसपासचे बाकीचे थ्रीडी गेम तासभर खेळून दाखवावेत.

बरं, एवढं यश मिळाल्यावर काय करतात लोक? तेच परत मोठं करून विकतात. यांनी काय केलं, २००० मध्ये मेजोराज मास्क काढला, ज्यात आकाशातला चंद्र पडतोय, तुमच्याकडे तीन दिवस आहेत आणि ते तीन दिवस तुम्ही परत परत जगताय, गावातल्या प्रत्येक माणसाचं वेळापत्रक ठरलेलं, कोण कुठे रडतोय, कोण कोणाची वाट बघतोय हे तुम्हाला पाठ होत जातं. बरीचशी मॉडेलं ओकारिनाचीच आणि साधारण वर्षभरात केलेला गेम! त्यानंतर विंड वेकर, अख्खा कार्टूनसारखा. तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा फॅन लोक खवळले होते, आम्हाला मोठ्यांची झेल्डा हवी वगैरे. आज त्या काळातले ‘रिअलिस्टिक’ गेम बघवत नाहीत आणि विंड वेकर कालच काढल्यासारखा दिसतो.

आणि मग २०१७. ब्रेथ ऑफ द वाइल्ड. मला विचाराल तर गेमच्या इतिहासातलं सगळ्यात धाडसी मोडणं हेच. तीस वर्षांत झेल्डाचा साचा पक्का झाला होता, देवळात जा, वस्तू मिळव, त्या वस्तूने पुढचं देऊळ उघड. तो साचाच काढून टाकला. सुरुवातीच्या पठारावर चार शक्ती मिळतात आणि त्यानंतर सरळ शेवटच्या राक्षसाकडे चालत जा, कोणी अडवणार नाही, मेलात तर तुमचं तुम्ही बघा. आतलं जग नियमांवर चालतं. गवताला आग लागते, आगीने गरम हवा वर जाते, त्या हवेवर पॅराग्लायडर उघडून उडता येतं. पावसात कडा निसरडा होतो. वीज कडाडत असताना अंगावर लोखंडी तलवार असेल तर वीज तुमच्यावर पडते, आणि हे कळल्यावर तीच तलवार शत्रूकडे फेकायची अक्कल ज्याची त्याला येते. हे सगळं जमेल का हे बघायला टीमने आधी १९८६ च्या झेल्डासारखा दिसणारा टूडी प्रोटोटाइप केला होता, २०१७ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी तो दाखवला. म्हणजे शून्यापासून सुरुवात करताना ते खरोखर पहिल्या गेमपर्यंत मागे गेले. एकतीस वर्षांनी परत तीच मोकळी जागा, परत कोणी काही सांगत नाही. मग २०२३ च्या टियर्स ऑफ द किंगडममध्ये त्याच जगात लोकांना फळ्या, चाकं, पंखे जोडायला दिले आणि लोकांनी काय काय बनवलं ते तुम्ही बघितलंच असेल. तीन दिवसांत एक कोटी कॉप्या गेल्या, पण खपाला मार्क नाहीत म्हटलंय तर नाहीत.

म्हणून पहिला नंबर. यावर माझं मत बदलायचं असेल तर दुसऱ्या कुठल्या सिरीजने एवढ्या वेळा एवढं मोडलंय ते दाखवा.

दुसरा मारिओ, आणि फरक अगदी केसाएवढा आहे.

आपल्याकडे मारिओ आला तो निन्टेंडोच्या डब्यातून आलाच नाही. तो आला टीव्ही व्हिडिओ गेम या नावाने मिळणाऱ्या नकली मशीनमधून, पिवळी नाहीतर काळी कॅसेट, त्यावर छापलेलं अमुक हजार इन वन आणि आत तेच दहा-पंधरा गेम नाव बदलून फिरून फिरून. काँट्रा, डक हंट, मारिओ. नाशिकपासून नांदेडपर्यंत एका पिढीने मियामोतोचं नावही न ऐकता त्याचं डिझाइन बोटांत मुरवलंय, आणि मला यात मारिओचा सगळ्यात मोठा पुरावा दिसतो. कॅसेटबरोबर मॅन्युअल नव्हतं. सांगायला कोणी नव्हतं. इंग्रजी येत नव्हतं. तरी पाच मिनिटांत प्रत्येकाला खेळता यायचं, कारण १९८५ च्या त्या पहिल्या लेव्हलची पहिली दहा सेकंदंच शिक्षक आहेत. मारिओ स्क्रीनच्या डाव्या बाजूला, उजवीकडे रिकामी जागा, म्हणजे उजवीकडे जायचं. समोरून भुवया आक्रसलेला एक जण चालत येतो, आदळलात की मेलात, म्हणजे उडी मारायला हवी. उडी मारताना डोकं चमकणाऱ्या डब्यावर आपटतं, नाणं निघतं, म्हणजे डबे फोडायचे. पुढच्या डब्यातून मशरूम निघतो, पळून जातो, पाइपला धडकून परत तुमच्याचकडे येतो आणि तुम्ही मोठे होता. एक शब्द नाही! मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ही पहिली लेव्हल बाकीच्या बऱ्याच लेव्हल झाल्यानंतर केली, गेम काय आहे हे स्वतःला नीट कळल्यावर.

त्याचं दिसणंसुद्धा अडचणीतून आलंय. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये तो होता तेव्हा पिक्सेल इतके कमी होते की केस काढता येईनात म्हणून टोपी, तोंड दिसेना म्हणून नाकाखाली मिशी, हात हलताना कळावेत म्हणून वेगळ्या रंगाचा डंगरी. आणि मोडण्याचं म्हणाल तर १९९६ चा मारिओ ६४ घ्या, तिथे लेव्हल बनवायच्या आधी टीमने नुसतं मारिओला पळवण्यात आणि एका सशाचा पाठलाग करण्यात वेळ घातला, पळणंच मजेशीर झालं पाहिजे, बाकी नंतर. थ्रीडीत माणूस कसा चालवायचा, स्टिक थोडी ढकलली की चालतो, पूर्ण ढकलली की पळतो, हे जगाने तिथून घेतलं. गॅलॅक्सीत (२००७) छोटे छोटे गोल ग्रह, त्यांच्या खालच्या बाजूलाही तुम्ही पळताय. ओडिसीत टोपी फेकून समोरच्याच्या अंगात शिरायचं. आणि हे सगळं करता करता मारिओ कार्टही चालू, ज्याचा आठवा भाग डीलक्स रूपात सहा कोटींच्या वर गेलाय आणि जो आजी-नातू एकत्र बसून खेळू शकतात.

मग दुसरा का? कारण मारिओ नेहमी कसं खेळायचं हेच मोडतो, आपण कशासाठी खेळतोय हे तो कधी हलवत नाही. झेल्डाने ते हलवलंय, मेजोराने तर पार उलटं केलंय. एवढाच फरक.

तिसऱ्या नंबरला फायनल फँटसी ठेवल्यावर माझा एक मित्र माझ्याशी दोन दिवस नीट बोलला नव्हता, त्याचं म्हणणं पोकेमॉन तिथे पाहिजे. पण ही अशी सिरीज आहे की जिच्यात प्रत्येक नंबरला जग नवीन, माणसं नवीन, लढायची पद्धतसुद्धा बऱ्याचदा नवीन. १९८७ मध्ये हिरोनोबू साकागुचीने सुरू केली, आणि नंबरांत सारखं काय राहिलं तर चोकोबो नावाचा पक्षी, सिड नावाचा कोणीतरी माणूस, आणि बरीच वर्षं नोबुओ उएमात्सूचं संगीत. १९९७ चा सातवा भाग प्लेस्टेशनवर तीन डिस्कमध्ये आला, कार्ट्रिजमध्ये तो मावलाच नसता, आणि पहिल्या डिस्कच्या शेवटी एरिथचं जे होतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी मी इथे लिहिणार नाही, पण एवढं सांगतो की इतक्या वर्षांनंतरही त्या जागी वाजणारी धून लागली की मी हातातलं काम थांबवतो.

मला मात्र सांगायचंय ते चौदाव्या भागाबद्दल, कारण अशी गोष्ट गेमच्या धंद्यात दुसरी नाही. ऑनलाइन गेम, सप्टेंबर २०१० ला आला आणि साफ आपटला. हळू, क्लिष्ट, अर्धवट. कंपनी तो बंद करून विसरून जाऊ शकत होती. त्यांनी डिसेंबर २०१० ला नाओकी योशिदाला बसवलं आणि त्याने ठरवलं की हा गेम चालू ठेवून दुरुस्त करत राहायचा आणि त्याच वेळी बाजूला अख्खा नवीन बांधायचा. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये लोकांना निदान दुसरीकडे भाड्याने तरी पाठवतात, इथे लोक जुन्यातच राहत होते आणि नवीन वर चढत होतं. आणि जुन्याचं काय करायचं? तर कथेतच संपवायचं. गेमच्या आकाशात डालामुड नावाचा लाल चंद्र हळूहळू मोठा मोठा दिसायला लागला, ११ नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद व्हायच्या वेळी तो फुटला, आतून बहामुट नावाचा ड्रॅगन निघाला आणि त्याने जग जाळून टाकलं. लोक ते होताना आत लॉग-इन होते! ऑगस्ट २०१३ ला अ रेल्म रीबॉर्न या नावाने नवीन गेम आला आणि त्याची कथा त्याच राखेतून सुरू झाली. डिसेंबर २०२१ ला एंडवॉकर आला तेव्हा इतकी गर्दी झाली की स्क्वेअर एनिक्सला, म्हणजे या कंपनीला, काही काळ गेमची विक्रीच थांबवावी लागली. आपटलेला गेम बंद करणारे हजार आहेत. आपटण्यालाच कथा करणारे हेच.

चौथा रेझिडंट ईव्हिल. १९९६, शिन्जी मिकामी, तो बंगला, ते कोपऱ्यातून बघणारे स्थिर कॅमेरे, दार उघडायचं ते लांबलचक अॅनिमेशन जे खरं म्हणजे डिस्क लोड होत असताना वेळ काढायला होतं आणि त्यानेच जास्त घाम फुटायचा. गोळ्या मोजून, सेव्हसुद्धा मोजून. हे चालत असताना चौथ्या भागासाठी त्यांनी इतके प्रयोग केले की त्यातला एक वेगळा पडून डेव्हिल मे क्राय झाला, आणि शेवटी २००५ ला जो चौथा आला त्यात कॅमेरा हिरोच्या, लिऑनच्या, खांद्यामागे. बस. त्या एका कॅमेऱ्याने पुढची पंधरा-वीस वर्षं ठरवली, गिअर्स ऑफ वॉर, डेड स्पेस, खांद्यामागून नेम धरायचे सगळे गेम तिथून आले. मग सहाव्या भागापर्यंत भीती संपून नुसता धडाका उरला होता, तर २०१७ च्या सातव्यात परत सगळं फेकलं, फर्स्ट पर्सन, लुइझियानातलं एक सडकं घर, एक कुटुंब, आणि जेवणाच्या टेबलावरचा तो सीन. दोन वर्षांनी दुसऱ्या भागाचा रिमेक, ज्यात तुमच्या मागे लागलेल्या मिस्टर एक्स नावाच्या धिप्पाड राक्षसाच्या बुटांचा आवाज वरच्या मजल्यावरून येतो आणि तो तुमच्याच दिशेने येतोय का हे कळत नाही. हेडफोन लावून, दिवे बंद करून खेळा. कृपा करून दिवसा खेळू नका.

पाचवा कॅपकॉम कंपनीचा स्ट्रीट फायटर, यात फार समजावण्यासारखं नाही, १९९१ चा दुसरा भाग आला आणि समोरासमोर मारामारी हा प्रकार कायमचा ठरला. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, आज प्रत्येक फायटिंग गेममध्ये जो कॉम्बो असतो, एका ठोशात दुसरा ठोसा जोडणं, तो कोणी ठरवून केलेला नव्हता. टेस्टिंग चालू असताना, गाडी फोडायच्या बोनस स्टेजमध्ये लक्षात आलं की टायमिंग बरोबर असेल तर मधे खंड न पडता मार जोडता येतो, आणि तो काढून टाकण्याऐवजी त्यांनी राहू दिला. त्यावर पुढे एवढी मोठी स्पर्धेची दुनिया उभी राहिली. २००४ च्या इव्हो स्पर्धेत दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-लीचा पंधरा फटक्यांचा सुपर, स्वतःच्या केनची जवळपास शून्य ताकद शिल्लक असताना, एकेक फटका पॅरी करत, म्हणजे लागायच्या नेमक्या क्षणी झिडकारत, अडवला आणि उलटा जिंकला, तो व्हिडिओ बघितला नसेल तर हे वाचणं सोडून आधी तो बघा, मागचा आरडाओरडा ऐका. धाल्सिमबद्दल सांगायचं तर आपल्या देशाचा म्हणून गळ्यात कवट्यांची माळ घातलेला, आग ओकणारा योगी देणं मला आवडलेलं नाही, पण लांब हातांनी अंतर राखून लढायची जी पद्धत त्याला दिली ती डिझाइन म्हणून अफलातून आहे आणि ज्याला धाल्सिम चालवता येतो त्याच्याशी खेळताना भलेभले वैतागतात. आपल्या एक रुपयाच्या नाण्यावर चालणाऱ्या पार्लरमध्ये मात्र जास्त गर्दी असायची ती ‘मुस्तफा’ला, म्हणजे कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्सला, तोही कॅपकॉमचाच, १९९३ चा. त्याची सिरीज झाली नाही, नाहीतर मी बसवला असता कुठेतरी.

सहावा पोकेमॉन. मला पोकेमॉन मनापासून आवडतो आणि तरीही सहावा. सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदात लहानपणी किडे गोळा करायचा, शहर वाढलं तसे किडे जायला लागले, आणि हातातल्या गेम बॉय मशीनची, दोन मशीन जोडणारी लिंक केबल बघून त्याला वाटलं की या वायरीतून किडे इकडून तिकडे जातील. २७ फेब्रुवारी १९९६ ला रेड आणि ग्रीन आले, दोन्हींत थोडे वेगळे पोकेमॉन, म्हणजे सगळे हवे असतील तर मित्र लागणारच. आणि १५१ वा म्यू, तो शिगेकी मोरिमोतोने डिबगिंगचा कोड काढल्यावर शेवटी उरलेल्या जवळपास ३०० बाइट जागेत गुपचूप घातला! आपल्याकडे आधी कार्टून आलं, मग गेम, आणि २०१६ मध्ये पोकेमॉन गो, जो भारतात रिलायन्स जिओबरोबर अधिकृतपणे डिसेंबरमध्ये आला पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासून बागांमध्ये, देवळांबाहेर मोबाइल धरून फिरत होते. पण मुख्य गेम बघा. गाव, आठ जिम, चॅम्पियन, पंचवीस वर्षं जवळपास तोच मार्ग. २०२२ चा लेजेंड्स आर्सेयस बघून मला वाटलं आता मोडतायत, आणि त्याच वर्षी स्कार्लेट-व्हायोलेट आला, जग मोकळं केलं खरं पण अडखळणारं, घाईत सोडलेलं. कार्ड, कार्टून, खेळणी सगळ्याच्या तारखा एकमेकांना बांधलेल्या असताना गेमला थांबायची मुभाच नाही. एवढ्या गुणी सिरीजला दोन-तीन वर्षं श्वास घेऊ द्या एवढंच मागणं आहे माझं.

सातवा जीटीए, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, आणि इथे मला शिव्या पडणार हे दिसतंय. स्कॉटलंडमधल्या डंडीत डीएमए डिझाइन नावाच्या स्टुडिओत १९९७ चा पहिला भाग झाला, तो आधी रेस अँड चेस नावाचा साधा गेम होता, आणि एका टेस्ट बिल्डमध्ये बिघाडामुळे पोलीस वेडे झाले, तुम्हाला थांबवण्याऐवजी तुमच्यातून गाडी घालायला लागले, आणि सगळ्यांना तेच खेळावंसं वाटलं. २००१ ला तिसऱ्या भागाने अख्खं थ्रीडी शहर दिलं, ते एक मोठं मोडणं, त्याचे मार्क पूर्ण. त्यातला वाइस सिटी हा भाग आपल्याकडे कोणाच्या कॉम्प्युटरवर नव्हता सांगा? कथा किती जणांनी पूर्ण केली माहीत नाही पण पँझर हा चीट कोड टाइप करून आकाशातून रणगाडा पाडणं आणि सॅन अँड्रियासमध्ये हेसोयाम हे सगळ्यांच्या बोटांना पाठ. रेडिओ स्टेशनसाठी नुसतं गाडीत फिरत राहावं असा गेम त्याआधी नव्हता. पण २००१ नंतर जे झालं ते तेच जास्त सुंदर, जास्त मोठं, जास्त खर्चिक. २०१३ चा पाचवा भाग वीस कोटींच्या वर गेलाय आणि इतकी वर्षं त्याच एका गेमवर घर चाललंय. कारागिरी म्हणून मान. धाडस म्हणून सातवा.

आठवा, आणि हा मी कोणालाही हलवू देणार नाही, प्रिन्स ऑफ पर्शिया.

जॉर्डन मेकनरने हा १९८९ ला अॅपल टू वर जवळपास एकट्याने केला. धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक फ्रेम काढली, म्हणून तो राजपुत्र दगडाला लटकतो तेव्हा त्याचं वजन जाणवतं. आणि आरशातून निघणारा तो सावलीचा माणूस आठवतो? मेमरीत दुसरा शत्रू काढायला जागाच नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून, बिट उलटवून वापरली आणि काळा चमकणारा जुळा तयार झाला. जागा नाही म्हणून काढलेली पळवाट गेमचा आत्मा झाली, शेवटी त्या सावलीला मारायचं नसतं, तलवार म्यान करायची असते. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये डॉसवर चीट चालू करायला ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करणारी माणसं आज चाळिशीत आहेत आणि ६० मिनिटांचं ते घड्याळ त्यांना अजून आठवतं. २००३ चा सँड्स ऑफ टाइम, चूक झाली की वेळ मागे फिरवा, म्हणजे १९८९ च्या निर्दयीपणाच्या बरोबर उलटं, तरी प्रिन्सच. त्याच्या पुढच्या भागाचं काम करता करता त्यातून असॅसिन्स क्रीड निघाला आणि मूळ सिरीजला तिच्याच पोराने झाकून टाकलं. मग जानेवारी २०२४ ला द लॉस्ट क्राउन, परत बाजूने दिसणारा, परत सापळे, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सगळ्यात नेटका गेम. २०२० ला आलेला राजी, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, तो खेळताना भिंतीवरून पळणारी, खांबाला धरून गिरकी घेणारी ती मुलगी बघून कोणाची आठवण येते हे सांगायला नको. ज्यांनी खेळला नाही त्यांनी जरूर खेळा, आपल्या इथे असं काही होतंय याचा मला फार आनंद आहे.

राहिलेल्यांबद्दल थोडं. टेट्रिस यादीत नाही कारण तो माझ्या कसोटीत बसतच नाही, अलेक्सी पाजित्नोव्हने १९८४ ला मॉस्कोत जे केलं त्यात मोडण्यासारखं काही ठेवलंच नाही, जत्रेत मिळणाऱ्या ब्रिक गेमवर खेळा नाहीतर गेम बॉयवर, तो तेवढाच पूर्ण आहे. डिसेंबर २०२३ ला एका १३ वर्षांच्या अमेरिकन मुलाने निन्टेंडोचा जुना टेट्रिस इतका पुढे नेला की गेमच गोठला, याहून मोठा मान काय असतो. काउंटर-स्ट्राइक हाफ-लाइफ या गेमवरचं मॉड, म्हणजे मूळ गेम बदलून केलेला नवा गेम, म्हणून १९९९ ला आलं आणि डस्ट टू चा मॅप सायबर कॅफेवाल्या पोरांना घरापेक्षा जास्त पाठ आहे, पण न बदलणं हाच त्याचा धर्म आहे. डूम नववा. २०१६ च्या भागाने त्याला जवळजवळ आत आणलं होतं. टोटल वॉर मला वैयक्तिक फार जवळची, एम्पायर (२००९) मध्ये १७०० सालापासून मराठ्यांना घेऊन खेळता येतं, एका ब्रिटिश स्टुडिओच्या गेममध्ये मराठे मुख्य सत्तांमध्ये बसलेले बघून मी रात्रभर उत्तरेकडे सरकत राहिलो होतो. पण सिरीज म्हणून तिचा गाभा २००० च्या शोगनपासून हललेला नाही. फुटबॉलवाले आणि दरवर्षी येणारे बंदुकीवाले, त्यांचा विचार मी केला आणि सोडला.

आणि ईए कंपनीचं क्रिकेट. क्रिकेट ०७ हा २००६ च्या शेवटी आला आणि त्यांचा शेवटचाच क्रिकेट गेम ठरला. लायसन्स नसल्यामुळे भारताच्या टीमची नावं त्यात विचित्र बदललेली होती. आपल्याकडच्या मुलांनी ती नावं दुरुस्त केली, मग जर्सी, मग बॅटवरचे स्टिकर, मग स्टेडियम, मग अख्खं आयपीएल, आणि नवीन सीझन आला की नवीन पॅच, कोणी पैसे दिले नाहीत, कोणी सांगितलं नाही. कंपनीने सोडलेला गेम बाहेरच्या मुलांनी असा वर्षानुवर्षं चालवलेला मला दुसरा पटकन आठवत नाही. माझी कसोटी बनवणाऱ्यांच्या धाडसाची आहे आणि इथे बनवणारे कंपनीत नाहीतच, म्हणून तो या आठात नाही. पुढची यादी मी फक्त मॉड करणाऱ्यांची करणार आहे. तुमच्याकडे जुने पॅच पडून असतील, कोणी केले होते, कुठल्या सालचे होते, तर खाली लिहा, सीडीवर असतील तरी चालेल, माझ्याकडे ड्राइव्ह आहे.